हाती लिहिलेली मानपत्रं रस्त्यात खराब झाली. गुंडाळून पाठवावी की सपाट?

ब्रशवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावचा पेंटर. बाबांपासून घरात हेच काम आहे. कृषी केंद्राचे बोर्ड, ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची नावं, लग्नघराच्या भिंतीवर गणपती अन् नवरानवरीची नावं. फ्लेक्स आले अन् बोर्डाचं काम आटलं, पण अक्षराचा हात शाबूत आहे.

दीड वर्षापासून मी एक वेगळं काम करून राहिलो. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिथं सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम नावाची संस्था आहे, १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला सुरू झालेली. ही मंडळी १६०० च्या आधीचा युरोप स्वतः जगून पाहतात. तसे कपडे शिवतात, चिलखत घालून लढतात, त्या काळचा स्वयंपाक करतात. त्यांचे राजा-राणी दरबार भरवतात, चांगलं काम करणाऱ्याला मान देतात अन् त्या मानासोबत हाती लिहिलेलं, काठाला वेलबुट्टी काढलेलं मानपत्र देतात. ते लोक त्याला स्क्रोल म्हणतात. भावानं मला जुन्या गॉथिक अक्षरांचे नमुने पाठवले. कट निबनं दोन महिने सराव केला अन् अक्षर जमलं. चपट्या ब्रशनं तिरका हात धरायची सवय होतीच, तिचा फायदा झाला.

मागच्या मे महिन्यात सहा मानपत्रं पाठवली. अकरा बाय चौदा इंचाचा जाड ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर, पहिल्या अक्षराला सोनेरी पान, खाली लाखेचा शिक्का. सहाही एकात एक गुंडाळून दोन इंची पुठ्ठ्याच्या नळीत घातली, नळी कुरिअरनं गेली. अठरा दिवसांनी भावानं फोटो पाठवले. ते पाहून मी दिवसभर ब्रश हातात धरला नाही. एप्रिलात आमच्या काळ्या वावराला भेगा पडतात तशा लाल रंगाला भेगा पडल्या होत्या. सोन्याचा डी खालच्या कागदावरून उठून वरच्या कागदाच्या पाठीवर उलटा चिकटला होता. लाखेचे शिक्के दोन फुटले, एक पसरून कागदात मुरला. सहापैकी एकच देण्याजोगं राहिलं, तेही भावानं लाजत लाजत दिलं.

भाऊ काही बोलला नाही. पण ज्यांच्या नावानं ते लिहिले होते त्यांना त्या दिवशी दरबारात रिकाम्या हातानं परत जावं लागलं, हे माझ्या मनातून जात नाही.

आता पुन्हा आठ मानपत्रांचं काम आलं आहे. शिवाय अकोल्याच्या एका मर्दानी खेळाच्या आखाड्याला ६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्यासाठी दोन फूट लांब मोडीतला खलिता पाहिजे. तो गुंडाळलेलाच पाहिजे, कारण मावळा तो घोड्यावरून आणून उलगडणार आहे. यावेळी परदेशी मानपत्रांना एकेक मोरपीस बांधायचाही विचार आहे, आमच्या वावरात पडलेली पिसं पुष्कळ सापडतात.

कोणी असं काम पाठवलं असेल तर सविस्तर सांगा. रंग, सोनं, लाख अन् पॅकिंग, चारही ठिकाणी माझं काही ना काही चुकलं आहे.

दौत-बोरू (सेलू, जि. वर्धा)

बाळा, तुझे फोटो न पाहताही मला दिसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि आता निवृत्तीनंतर मानपत्रं लिहिते, देवनागरी, मोडी आणि तू म्हणतोस ती गॉथिकही. माझं पहिलं परदेशी काम असंच गेलं होतं, म्हणून जरा लांब लिहिते आहे.

आधी मुळाचं. स्क्रोल म्हटलं की आपण गुंडाळतो. पण त्या मंडळींची बहुतेक मानपत्रं सपाट असतात आणि शेवटी चौकटीत जाऊन भिंतीवर लागतात. गुंडाळायची गरज तिथे नव्हतीच. आपल्याकडची पोथी आठव. मी मुलांना घेऊन रिद्धपूरला गेले होते, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. महानुभावांच्या जुन्या पोथ्या कशा राखल्या जातात ते तिथे समजावून घेतलं. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी, भोवती घट्ट बासन. पान वाकत नाही, घासत नाही, त्यावर ऊन पडत नाही. रंग किंवा सोनं असलेलं तुझं प्रत्येक मानपत्र पोथीसारखं बांध. सगळ्या पॅकिंगचं मर्म मला यातच दिसतं.

आता भेगांचं. पोस्टर कलर डिंकावर धरलेला असतो. वाळला की तो टणक होतो आणि कागद वाकला की कागदासोबत वाकत नाही, तुटतो. तू पाट्या रंगवणारा, तुझा हात जाड थराचा. ऑइल पेंटला तो शोभतो, पण कागदावर रंग ताकासारखा पातळ घे आणि दोन-तीन हात दे. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. रंग झाला की कागदाचा एक कोपरा थोडा वाकवून कानाशी धर. कुरकुर आवाज आला तर थर जाड झाला असं समज. मी प्रत्येक कामाच्या आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर हे करून पाहते, मग मूळ कागदाला हात लावते.

सोनं चिकटलं त्याचं कारण मला दोन ठिकाणी दिसतं. बाजारात मिळणारी साईज, म्हणजे सोन्याचं पान चिकटवायची खळ, वरून वाळल्यासारखी दिसते, पण आत चिकटपणा राहतो आणि मे महिन्याच्या गरमीत तो पुन्हा जागा होतो. त्यावर तू सहा कागद एकमेकांवर दाबले. मी साईज सोडून दिली. लसूण ठेचून फडक्यातून गाळते, तो रस लहान ब्रशनं अक्षरात भरते आणि पूर्ण वाळू देते. मध्ययुगात युरोपातले कारागीरही सोन्याखाली लसणाचा रस वापरत. वाळल्यावर कागदाची लहान सुरळी करून त्यातून रसावर वाफाळ श्वास सोडायचा, दोन-तीन वेळा, की तो तेवढ्यापुरता ओलसर होतो. लगेच सोन्याचं पान ठेवून वरून गुळगुळीत कागद दाबायचा. काही क्षणांत ते बसतं आणि नंतर हाताला लागत नाही. पान खऱ्या सोन्याचं घेतलंस तर उत्तम. नकली पानात तांबं आणि जस्त असतं, ते काही वर्षांत काळवंडतं. मानपत्र माणसाच्या घरात आयुष्यभर राहतं, तिथे मी पैसे वाचवत नाही.

इथे आपल्या हवेची गोष्ट सांगते, कारण पुण्या-मुंबईची माणसं ही सांगणार नाहीत. सोनं ओलाव्यात बसतं. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की श्वासाची वाफ कागदावर पोचायच्या आधीच उडून जाते. श्रावणात तेच काम अर्ध्या वेळात होतं. अक्षराचं उलटं आहे. पावसाळ्यात कागद ओलावा पितो, फुगतो, निबला धागे अडकतात आणि रेघ पसरते. म्हणून माझं वर्ष असं लागलं आहे: सोनं श्रावण-भाद्रपदात, अक्षर आणि रंग दिवाळीनंतर, आणि पार्सल संक्रांतीच्या आसपास. तुला मे महिन्यातच सोनं लावावं लागलं तर कूलरच्या खोलीत लाव, ती हवा ओली असते. आणि अक्षर काढताना कूलर बंद कर, कपाळाचा घाम पुसायला पंचा जवळ ठेव. कूलरसमोर लिहिलेला कागद दुसऱ्या खोलीत नेला की आक्रसतो आणि रेघा वाकतात. मी एक पूर्ण मानपत्र असं घालवलं आहे, चौऱ्याऐंशी ओळींचं.

शाईचं तू विचारलं नाहीस, पण तेही सांगते. तयार शाई वापरत असशील तर ती पाण्यानं सुटत नाही ना, हे आधी पाहून घे. मी दोन शाया करते. पहिली काजळीची: तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी आणि बाभळीचा डिंक, खलात दोन दिवस घोटलेला. डिंक कमी पडला तर काजळी बोटाला लागते, जास्त झाला तर अक्षर चकाकतं आणि तडकतं. लिहिल्यावर एक दिवस थांब, मग कोरडं बोट फिरव. बोट स्वच्छ राहिलं तर डिंक बरोबर. दुसरी हिरड्याची: हिरडा कुटून भिजवायचा, उकळायचा, गाळायचा आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालायची. मी तीन भाग हिरड्याला एक भाग हिराकस घेते. लिहिताना ती फिकट करडी दिसते, हवा लागली की एका दिवसात काळी होते आणि कागदाच्या धाग्यात शिरते, त्यामुळे घासून निघत नाही. युरोपातले लेखनिक ओकच्या झाडावरच्या गाठींपासून हीच शाई करत. फक्त हिराकस जास्त घालू नकोस. जास्त हिराकस वर्षानुवर्षांनी कागद खाते, अक्षराच्या जागी भोक पडतं.

लाखेबद्दल मी ठाम आहे. कागदावर चपटा शिक्का लावून तो पार्सलात घालायचा नाही. शुद्ध लाख बिस्किटासारखी फुटते आणि मेण मिसळलेली लाख गाडीच्या पत्र्याखाली पसरते. चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४६ वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. मध्ययुगीन युरोपातल्या सनदांना मेणाची मुद्रा बहुतेक वेळा दोरीनं किंवा कातडी पट्टीनं खाली लोंबत असे आणि ती जपायला वेगळी पिशवी किंवा डबी असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेवर इंग्लंडच्या जॉन राजानं सही केली नव्हती, मुद्राच लावली होती. तूही रेशमी दोऱ्याला मुद्रा लटकव आणि ती कापडी पिशवीत, वेगळ्या डबीत पाठव. बांधायचं काम तिकडचा माणूस करेल.

आणि अकोल्याच्या खलित्याला लाख लावूच नकोस. शिवकालीन पत्रावर मुद्रा शाईची असते, पत्राच्या माथ्यावर, आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का. महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे. ती नीट पाहून लाकडात कोरून घे आणि काजळीच्या शाईनं उठव. मोडी लिहिताना आधी डोक्यावरची पूर्ण रेघ मार, मग अक्षरं तिला टांगत जा. आजकाल मोडी फॉन्टवरून अक्षर उतरवतात. ते सुटं सुटं दिसतं आणि जाणकार ते लांबूनच ओळखतो. बोरू शक्यतो उचलू नकोस.

खलित्याला कागद मात्र हातकागदच घे, कापसाच्या चिंध्यांचा, पातळ. त्याचा धागा लांब असतो, शंभरदा उलगडला तरी मोडत नाही. माझे वडील वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागद करायला शिकले होते. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ तिथेच सुरू झाला. कागद खळ लावून, गुळगुळीत दगडानं घोटून घे म्हणजे शाई फुटणार नाही. खळ लागलेल्या कागदाला कसर लवकर लागते, म्हणून पेटीत वेखंड ठेव.

आता गुंडाळणं. दोन इंची नळी फार लहान. तू गावात राहतोस, तुझ्याजवळ याहून चांगली वस्तू पडलेली असेल: पाण्याच्या पाईपचे तुकडे. ७५ एमएम पाईपचा अडीच फुटी तुकडा घे, कडा घासून गुळगुळीत कर, त्याच्याभोवती धुतलेलं मांजरपाट गुंडाळ आणि त्यावर खलिता सैल गुंडाळ. अक्षराची बाजू बाहेर ठेव. आत ठेवली तर थर दाबला जातो आणि उकलतो, बाहेर ठेवली तर नुसता ताणतो आणि सपाट केल्यावर पुन्हा जागेवर येतो. वरून ग्लासीन, म्हणजे पातळ, गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, आणि सुती पट्टी. हे सगळं ११० एमएमच्या पाईपात घालून दोन्ही बाजूंना टोपणं. प्रवासापुरतं हे ठीक आहे. पीव्हीसीत कागद वर्षभर ठेवू नकोस, आखाड्याला तसं लिहून कळव.

सपाट आठ मानपत्रांसाठी हे कर. प्रत्येक मानपत्राला मागे कागदापेक्षा दोन इंच मोठा पांढरा पुठ्ठा. कागद चिकटवू नकोस, जुन्या अल्बममध्ये फोटो धरायला असत तसे कागदी कोपरे करून त्यात बसव. वर ग्लासीन. स्वयंपाकघरातला बटर पेपर नको, त्यावर मेण असेल तर उन्हात ते रंगावर उतरतं. सोनं आहे तिथे प्लास्टिक अजिबात टेकू देऊ नकोस. मग सगळी थप्पी नालीदार पुठ्ठ्याच्या दोन-दोन तुकड्यांत धर, एकाच्या नाळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे ती कोणत्याच बाजूनं वाकत नाही. कूलरचा खोका यासाठी छान आहे. बाहेरून तीन एमएम प्लाय, सुती दोरी आणि मगच प्लास्टिक. प्लास्टिक कोरड्या दिवशी दुपारी बंद कर, पावसाच्या दिवशी केलंस तर ओलावा आतच कोंडला जाईल.

शेवटी पार्सल कंबरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाक. एकदा नाही, तीनदा. मग उघडून बघ.

टपालथैली (दर्यापूरकडचा)

बाईंनी सारं बरोबर सांगतलं. मी तीस वर्सं शाखा डाकघरात होतो, म्हनून थैलीतली गोष्ट सांगतो.

पाय भाऊ, गावातून पार्सल निंगालं का ते तालुक्याच्या डाकघरात जाते, तिथून छाटनीले, मंग रेल्वे नाई तं गाडीनं पुढं. दर ठिकानी थैली बदलते. थैलीत तुह्यासोबत कोनाचं लोखंड बी रायते अन् कोनाच्या आजीचं लोनचं बी. म्हनून पार्सल असं बांधजो का त्याच्यावर पंधरा किलो ठेवलं तरी आत काई दबलं नाई पायजे. गोल नळी टेबलावरून घरंगळते, थप्पीत बसत नाई, अन् तिचा मार नेमका टोपनावर बसते. नळी चौकोनी खोक्यात घालजो. टोपनाच्या आत दोन-दोन इंच कापडाचा बोळा ठेवजो, कागद तोंडापासून दूर रायला पायजे.

बोळा म्हनून घरचा कापूस भरू नको. देशात चालते, परदेशी नाई. सरकी बी हाय. बी, तनस, कुटार असं काई सापडलं का तिकडचे लोक पार्सल अडवून ठेवतात. धुतलेलं जुनं लुगडं सगळ्यात बेस.

अन् मोरपीस काढून टाक भाऊ. देशात पडलेलं पीस ठेवलं, इकलं तं चालते, पन मोराच्या पिसांची निर्यात बंद हाय. एका पिसापायी आठ मानपत्रं अडकतीन. तसंच खऱ्या चामड्यावर लिवायचा इचार आला तं आधी कागदपत्रं इचारून घेजो.

परदेशी पार्सलाले कस्टमचं सीएन २२ नाई तं सीएन २३ फारम लागते. त्यात नुसतं गिफ्ट लिवू नको. ‘हाती लिवलेलं कागदी मानपत्र, नग ८’ असं इंग्रजीत साफ लिवजो अन् किंमत खरी टाकजो. पत्ता दोन जागी, एक बाहेर अन् एक आत, तुह्या फोन नंबरासकट. बाहेरचा पत्ता पाण्यानं फुटत नाई अशा पेननं लिवून वरून पारदर्शक टेप. मी पावसात भिजलेले पत्ते वाचाले कंदील घेऊन बसलो हाव, म्हनून सांगतो.

अकोल्याचं पार्सल रजिस्टरनं पाठवाले जाशील तं आता देशातलं रजिस्टर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलं हाय. स्पीड पोस्ट म्हनजो अन् पावती घेजो. सोमवारी टाक, शुक्रवारी नको. शुक्रवारचं पार्सल रविवारभर पत्र्याच्या गोदामात तापते.

वरुडचा, सध्या ओहायो

मी तिकडच्या बाजूनं लिहितो. याच संस्थेत सहा वर्षं आहे, दरबारात पुकारा करणाऱ्यांच्या मागे बरेचदा उभा असतो.

मानपत्र दरबारात मोठ्यानं वाचलं जातं. वाचणारा माणूस ते हातभर लांब धरतो, उजेड कधी मशालीचा, कधी शाळेच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचा. म्हणून गॉथिक अक्षर कितीही सुंदर असलं तरी इतकं दाट नको की एम, एन आणि यू यांच्या उभ्या काड्या एकमेकांत मिसळतील. नाव आणि तारीख मोठ्या अक्षरात. काही वेळा नावाची जागा कोरीच मागतात, नाव नंतर इथला लेखनिक भरतो. ते आधी विचारा आणि तुमच्या शाईचा एक नमुना कागदावर लावून सोबत पाठवा, म्हणजे त्याला रंग जुळवता येईल.

खाली राजा-राणीच्या सह्यांसाठी किमान दीड इंच जागा सोडा. त्या जागेवर रंग, वार्निश किंवा फिक्सेटिव्ह काहीही नको. एका मानपत्रावर पूर्ण कागदाला फवारा मारलेला होता, राणीची सही तिथे थेंब-थेंब होऊन ओघळली. सगळा दरबार बघत होता. तिनं शांतपणे कागद टिपला आणि दुसऱ्या पेननं पुन्हा सही केली, पण लिहिणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

माप अकरा बाय चौदा चांगलं आहे, तयार चौकट मिळते. पण चौकटीत कडा झाकल्या जातात, म्हणून सगळीकडून किमान पाऊण इंच कोरं सोडा, वेल तिथपर्यंत नेऊ नका.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. ते एक मानपत्र जे शाबूत पोचलं, त्याच्या वेलीत कपाशीचं बोंड आहे का? तसं मानपत्र मी एका स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या घरी पाहिलं आहे. त्यांनी मला विचारलं होतं, हे फूल कोणतं. मी वरुडचा, मला लगेच कळलं.

ब्रशवाला (दारव्हा तालुका)

हो भाऊ, तेच. त्यांच्या नमुन्यात इंग्लंडची फुलं होती, ती मी कधी पाहिली नाहीत. म्हणून बोंड काढलं होतं. चुकलं तर नाही ना, अशी तेव्हापासून धाकधूक होती.

बाई, काका, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. तीन आठवडे लागले, म्हणून उशिरा लिहून राहिलो.

लसणाचा रस पहिल्या वेळी फसला. मी तो बोर्डाच्या सवयीनं भरपूर भरला, पान बसलं पण कडा फाटक्या आल्या. दुसऱ्यांदा झिरो नंबरच्या ब्रशनं पातळ भरला, रात्री वाळू दिला अन् सकाळी कूलर सुरू करून श्वास दिला. पान ठेवलं, बोट उचललं अन् डी चकाकत होता. आईला हाक मारून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ग्लासीन ठेवून चार विटा ठेवल्या, दुपारी दोन वाजता टिनाखाली. संध्याकाळी कागद उचलला, एक कणही उठला नाही.

लाल रंगाची परीक्षा केली. जाड थर कुरकुरला, पातळाचे तीन हात दिलेला गप्प राहिला.

मोरपीस काढलं. मुद्रा पितळी डबीत बसवल्या, आमच्या इथं हळदी-कुंकवाच्या मिळतात त्या.

बाई, एक शंका आहे. खलिता गुंडाळून दोन दिवस ठेवला अन् उलगडला तर तो परत आपणहून गुंडाळला जातो. मावळा घोड्यावरून उतरून एका हातानं उलगडणार, दुसऱ्या हातात तलवार असेल. खालची बाजू वर उडणार. काय करू?

दौत-बोरू (सेलू, जि. वर्धा)

खालच्या काठाला कापडाची शिवण घालून त्यात सागाची बारीक काडी ओव, करंगळीएवढी. वजनानं कागद सरळ लोंबेल. काडीची टोकं कागदाच्या बाहेर अर्धा-अर्धा इंच ठेव आणि कानशीनं गोल कर, नाहीतर गुंडाळताना तीच टोकं कागदाला टोचतील. वरच्या बाजूला काडी नको, तिथे नुसती दुहेरी कापडी पट्टी. बघ, दोन्हीकडे काडी असलेला खलिता नाटकात दिसतो, पण हातात धरायला अवघड जातो.

आणि कपाशीचं बोंड काढत जा. त्या काळच्या युरोपातल्या लेखनिकांनीही समासात आपल्या आजूबाजूचंच काढलं आहे, गोगलगायी, ससे, कुत्री, शेतातली कामं.

ब्रशवाला (दारव्हा तालुका)

काडी ओवली, खलिता सरळ लोंबून राहिला. आखाड्याच्या दोन पोरांनी स्वतः येऊन पाहिला, एकानं अंगणात उभं राहून पूर्ण वाचला. मोडी शिकलेला पोरगा होता. एका जागी मी ‘व’ अन् ‘ब’ मध्ये गडबड केली होती ती त्यानं दाखवली, म्हणून तो पूर्ण पुन्हा लिहिला. परवा सोमवारी दारव्ह्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टानं टाकतो.

आठ मानपत्रं मात्र मी आता पाठवत नाही. सोनं सगळ्यांना श्रावणात लावणार, अक्षर दिवाळीनंतर. भावाला कळवलं, तो म्हणाला दरबार जानेवारीतही भरतो. त्याआधी एक चाचणीचं पार्सल, आत पातळ लाल रंगाचा अन् एका सोनेरी अक्षराचा नमुना घालून, पुण्याच्या बहिणीच्या पत्त्यावर टाकलं होतं. तिनं न उघडता तसंच परत पाठवलं. एका कोपऱ्यावर प्लाय दबला आहे, आतला पुठ्ठा अर्धा इंच चेपला आहे. कागदाला काही नाही. कोपऱ्यांना आता दुहेरी पुठ्ठा लावतो.